शेवटचा आसरा : शिडाच्या छोट्या नौकेवरील जीवरक्षक तराफा

डॉक्टरांच्या स्मरणिकेत बालरोगतज्ज्ञाचा लेख म्हटला की वाचक लसीकरण, आहार किंवा मुलांचे मोबाइलवेड यांपैकी एखाद्या विषयाची अपेक्षा धरतो. या वेळी मात्र मी आपणांस दवाखान्यापासून दूर, भर समुद्रात नेऊ इच्छितो. तेथे तीस-चाळीस फूट लांबीची शिडाची एक नौका आहे. तिच्यात एक, दोन किंवा फार तर सात-आठ माणसे आहेत. डेकवर, डोलकाठीच्या जवळपास, प्रवासी पेटीएवढा एक पांढरा फायबरचा डबा घट्ट बांधलेला आहे. त्या डब्यात हवेने फुगणारा जीवरक्षक तराफा घडी घालून ठेवलेला असतो. असा तराफा छोट्या नौकेवर असावा काय, आणि असल्यास तो पाण्यात केव्हा टाकावा, एवढाच या लेखाचा विषय. प्रश्न वरवर पाहता दर्यावर्दींचा वाटतो. परंतु त्याचे निम्मे उत्तर शरीरक्रियाशास्त्रात आणि उरलेले वैद्यकीय निर्णयप्रक्रियेत दडलेले आहे, म्हणून येथे जागा मागण्याचे धाडस करीत आहे.

आपण गोव्यात राहणाऱ्यांना तर हा विषय परका असू नये. नौदलाची 'म्हादेई' ही शिडाची नौका दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात घडली. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कोठेही न थांबता ती पूर्ण केली. 'तारिणी' ही तिची धाकटी बहीणही गोव्यातलीच. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून जगाला वळसा घालून आल्या. २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच गोव्याहून निघाल्या आणि आठ महिन्यांनी गोव्यालाच परतल्या. मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंची आपल्याकडे जितकी चर्चा होते, तिच्या दशांशानेही या नौकांची होत नाही, ही खंत येथे नोंदवून पुढे जातो.

प्रथम तराफ्याची रचना पाहू. डब्यात रबरी कापडाचा तराफा आणि दाबाखालील कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे असते. (त्यात थोडा नायट्रोजनही मिसळतात, म्हणजे कडाक्याच्या थंडीत वायू अडकत नाही.) डब्यातून निघणाऱ्या लांब दोरीचे दुसरे टोक नौकेवरील भक्कम कडीला बांधलेले असते. डबा पाण्यात लोटून दोरी पूर्ण ओढली व जोराचा हिसका दिला की नळकांडे उघडते आणि तराफा फुगतो. आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारानुसार मोठ्या जहाजांवरील तराफा सर्वसाधारण तापमानात एका मिनिटात फुगला पाहिजे. डबा सोडण्याइतकाही अवधी न देता नौका बुडाली, तर दीड ते चार मीटर खोलीवर पाण्याच्या दाबानेच बंध तोडणारी एक यंत्रणा असते. डबा मोकळा होऊन वर येतो, बुडती नौका दोरी ताणते, तराफा फुगतो आणि मग दोरीतील मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा तुटतो, म्हणजे नौकेबरोबर तराफा तळाला जात नाही. साखळी मोठी चतुर आहे. पण तिची पहिली कडी म्हणजे दोरी नौकेला बांधलेली असणे. ती बांधली नसेल, तर लोटलेला डबा वाऱ्याबरोबर निघून जातो आणि माणसे पाहत राहतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून आयर्लंडजवळील फास्टनेट खडकाला वळसा घालून येण्याच्या शर्यतीत ३०३ नौका निघाल्या. १३ आणि १४ ऑगस्टला त्यांच्यावर भीषण वादळ कोसळले आणि शर्यतीतील १५ जण मृत्युमुखी पडले. नंतर झालेल्या चौकशीत जे आढळले, ते शिडाच्या नौकांच्या जगात आजही प्रत्येक शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना सांगतो. एकूण २४ नौका त्यांच्या माणसांनी सोडून दिल्या होत्या. त्यांपैकी बुडाल्या केवळ पाच. उरलेल्या १९ नंतर तरंगताना सापडल्या. सात मृत्यू तराफ्यांशी निगडित घटनांत झाले आणि या सातही जणांनी ज्या नौका असुरक्षित मानून सोडल्या, त्या पुढे तरंगत असलेल्या सापडून बंदरात ओढून आणल्या गेल्या. 'ट्रॉफी' या नौकेचे आठ जण तराफ्यात उतरले, तराफा लाटांच्या माऱ्यात फाटून विलग झाला आणि तिघे गेले. रिकामी 'ट्रॉफी' मात्र तरंगतच राहिली.

तराफ्यांनी त्या रात्री काहींचे प्राण वाचवले, हेही खरेच. तरीही फास्टनेटच्या आकड्यांनी एक गोष्ट उघडी केली. पाण्याने अर्धी भरलेली, डोलकाठी मोडलेली, आतले सामान विस्कटलेली नौका माणसाला बुडती वाटते. पण ती बुडतच असते असे नाही. उलट तराफा नवा, फुगीर, झळझळीत नारिंगी दिसतो आणि सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात तो चार-सहा माणसे बसलेला रबरी फुगा असतो. त्याला कणा नाही, सुकाणू नाही, वजन नाही.

याच शर्यतीतील 'ग्रिमॅल्किन' या तीस फुटी नौकेची कथा डॉक्टरांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. नौका उलटली, कप्तान वाहून गेला आणि दोघे निपचित पडले. ते मेले असे समजून उरलेले तिघे तराफ्यात उतरले व वाचले. पण ते दोघे मेलेले नव्हते. त्यांपैकी एक जण काही वेळाने नौकेवरच गेला. दुसरा, निक वॉर्ड, त्या मोडक्या नौकेवर अनेक तास एकटा तग धरून राहिला आणि त्याला हेलिकॉप्टरने उचलले. २००७ मध्ये त्याने आपली हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. गारठ्याने शरीराचे तापमान खोलवर उतरले की नाडी हाताला लागत नाही, श्वास दिसत नाही, बाहुल्या विस्फारतात आणि स्नायू ताठरतात. ऊब दिल्याखेरीज अशा रुग्णास मृत घोषित करू नये, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. काळोखात, डोंगराएवढ्या लाटांत, स्वतः कुडकुडत असलेल्या तिघांनी ते ओळखावे ही अपेक्षा अन्याय्य होईल. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. नौका सोडण्याचा निर्णय कोणत्या शारीरिक अवस्थेत घ्यावा लागतो, हे त्यातून कळावे इतकाच हेतू.

दर्यावर्दींमध्ये एक सांगणे आहे की तराफ्यात नेहमी 'वर' चढून जावे. म्हणजे नौका इतकी खाली गेलेली असावी की तराफा तिच्याहून उंच झालेला असावा. उक्तीत थोडी अतिशयोक्ती आहे आणि आग लागली असता ती मुळीच लागू नाही. पण तिचा रोख बरोबर आहे. माझ्या व्यवसायातून याला एक दृष्टान्त देतो. जुलाब झालेले मूल ओठ ओले करून तोंडाने पाणी पीत असते, डोळ्यांत पाणी असते, ते रडत असते. तरी सोबतची मंडळी म्हणतात, "डॉक्टर, सलाइन लावून टाका." सलाइन लावल्याने काहीतरी केल्याचे समाधान मिळते. तोंडाने चमचा-चमचा द्रव देत बसण्यात तसे नाट्य नाही, पण मूल बहुतेक वेळा त्यानेच बरे होते. नौकेवर पाणी उपसत बसणे, फुटलेल्या जागी गादी किंवा फळी कोंबणे, तुटलेली डोलकाठी कापून मोकळी करणे ही त्या चमच्यासारखी कंटाळवाणी, दमछाक करणारी कामे होत. तराफ्याची दोरी ओढणे मात्र एका हिसक्याचे काम.

नौकेला धरून राहिल्याची दोन उदाहरणे देतो. जानेवारी १९९७ मध्ये टोनी बुलिमोर या इंग्रज नाविकाची नौका दक्षिण महासागरात पालथी झाली. उलट्या नौकेच्या पोटात, अंधारात आणि गोठवणाऱ्या पाण्यात त्याने चार दिवस काढले. ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने त्याला ९ जानेवारीस बाहेर काढले. दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' या नौकेतून निघाले. २१ सप्टेंबर रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, वादळात नौका उलटीपालटी होऊन डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. चालता येत नाही, स्ट्रेचर लागेल, पण नौकेच्या आत सुरक्षित आहे, असे त्यांनी संदेशातून कळवले. संकटकाळची पिशवी गाठणेही त्यांना कठीण झाले होते. भारतीय नौदलाच्या विमानाने त्यांचा ठावठिकाणा पाहिला आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच नौकेने त्यांना सोडवले. मणक्याची अशी दुखापत असलेला माणूस उसळत्या समुद्रात तराफ्यात चढू शकला नसता, आणि कसाबसा चढला असता तर मज्जारज्जूचे काय झाले असते याची कल्पना आपण करू शकतो. डोलकाठी गेली तरी ज्या नौकेचे धड शाबूत राहिले, तीच त्यांचा तराफा ठरली. पुढे पाठीत टायटेनियमच्या पट्ट्या घेऊन हा गृहस्थ २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरला आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा आला, हे वेगळे सांगावयास नको.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग तीस-चाळीस किलोचा, बराच महागडा तो डबा छोट्या नौकेवर वाहावाच कशाला? हा युक्तिवाद खरोखर केला जातो आणि तो सर्वस्वी पोकळ नाही. वीस-बावीस फुटी नौकेवर चाळीस किलो म्हणजे थट्टा नव्हे. किनाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात दिवसभर हिंडणाऱ्या नौकेला चांगले लाइफ जॅकेट, रेडिओ आणि पाण्यावर तरंगत राहील अशी बांधणी यांचाच अधिक उपयोग होईल, असे माझेही मत आहे. परंतु किनारा मागे पडला की हिशेब पालटतो. कारण काही नौका विचार करण्यास अवधीच देत नाहीत.

१५ जून १९७२ रोजी पॅसिफिकमध्ये, गालापागोस बेटांच्या पश्चिमेस सुमारे २०० मैलांवर, 'ल्युसेट' या लाकडी नौकेवर किलर व्हेल माशांनी धडका दिल्या आणि ती मिनिटाभरात बुडाली. नौकेत डूगल रॉबर्टसन, त्यांची पत्नी लिन, अठरा वर्षांचा मुलगा, शाळकरी वयाची जुळी मुले आणि एक तरुण पाहुणा असे सहा जण होते. तराफा अडीच आठवड्यांत निकामी झाला. मग सहाही जण जेमतेम तीन मीटर लांबीच्या लहानशा होडीत बसले आणि ३८ व्या दिवशी जपानी मासेमारी जहाजाने त्यांना उचलले. सर्व जण जिवंत होते. दुसऱ्याच वर्षी त्याच महासागरात मॉरिस आणि मॅरलिन बेली या दांपत्याची नौका देवमाशाच्या धडकेने फुटली. तराफा आणि एक छोटी होडी एकमेकांस बांधून त्यांनी ११७ दिवस काढले. झिरपणाऱ्या तराफ्यात त्यांना पुनःपुन्हा हवा भरावी लागे.

लिन रॉबर्टसन या प्रशिक्षित परिचारिका होत्या आणि त्यांनी योजलेला एक उपाय आपल्या व्यवसायबंधूंच्या कुतूहलास चाळवेल. तळाशी साचलेले पावसाचे पाणी कासवाच्या रक्ताने व घाणीने इतके दूषित झाले होते की ते पिववत नव्हते. लिनबाईंनी ते एनिमाने देण्यास सुरुवात केली. मोठ्या आतड्यातून पाणी व क्षार शोषले जातात. शिरेवाटे द्रव देण्याचे तंत्र रुळण्यापूर्वी गुदमार्गाने थेंब-थेंब द्रव देण्याची 'मर्फी ड्रिप' ही पद्धत शल्यविभागांत सर्रास वापरली जात असे. जुन्या पिढीतील डॉक्टरांना ती ऐकून ठाऊक असेल. पाणी घाण होते, पण खारट नव्हते, हे महत्त्वाचे. समुद्राचे पाणी याच मार्गाने दिले असते तर त्याने शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेतले असते.

खाऱ्या पाण्याचा हा वाद दोन डॉक्टरांमुळे गाजला. आलें बोंबार या फ्रेंच डॉक्टराचे मत होते की तराफ्यातील माणसे तहानेने मरण्याआधी भीतीने मरतात, आणि थोडे-थोडे समुद्राचे पाणी, माशांचा पिळून काढलेला रस व प्लवक यांवर माणूस जगू शकतो. आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी १९५२ च्या ऑक्टोबरात तो कॅनरी बेटांवरून एका रबरी होडीतून एकटाच निघाला आणि ६५ दिवसांनी बार्बाडोसला पोचला. होडीचे नाव त्याने 'पाखंडी' या अर्थाचे ठेवले होते, त्यावरून माणसाचा स्वभाव समजतो. वजन २५ किलोने घटले होते आणि रक्तक्षय झाला होता. मध्येच एका जहाजावर त्याला जेवण मिळाले होते आणि पावसाचे पाणीही लाभले होते. त्यामुळे प्रयोगाचा निष्कर्ष डळमळीत राहिला. हान्स लिंडेमान या जर्मन डॉक्टराने नंतर अशाच एकट्याच्या सफरी करून समुद्राचे पाणी पिऊ नये, हेच प्रतिपादले.

निर्णायक पुरावा मात्र या साहसांतून आला नाही, तो आला महायुद्धातील रुक्ष नोंदींतून. ब्रिटिश संशोधकांनी १९४० ते १९४४ या काळात जहाजे बुडून तराफ्यांत व होड्यांत भरकटलेल्या खलाशांच्या नोंदी तपासल्या. ज्या प्रवासांत समुद्राचे पाणी प्यायले गेले, त्यांत ३८.८ टक्के माणसे दगावली. ज्यांत ते प्यायले गेले नाही, त्यांत ३.३ टक्के. अर्थात जेथे पाण्याचा साठा संपला होता तेथेच माणसे खाऱ्या पाण्याकडे वळली असणार, तेव्हा सगळा फरक मिठाच्या माथी मारणे योग्य नव्हे. तरीही शरीरशास्त्र तेच सांगते. आपण मुलांना जे ओआरएस देतो त्यात प्रतिलिटर ७५ मिलिमोल सोडियम असते. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ४७० असते. मूत्रपिंड इतके सोडियम तितक्याच पाण्यात बाहेर टाकू शकत नाही. उरलेले पाणी ते शरीरातून उसने घेते. तान्ह्या बाळाचे मूत्रपिंड लघवी घट्ट करण्यात प्रौढाच्या सुमारे निम्म्यानेच समर्थ असते, तेव्हा त्याच्या बाबतीत हा हिशेब किती लवकर चुकेल हे सांगावयास नको. मासे खाण्याबाबतही हाच विचार लागू पडतो. प्रथिनांपासून तयार होणारे युरिया बाहेर टाकण्यास पाणी लागते, म्हणून पाणी नसेल तर पोट भरण्याचा मोह टाळावा. तराफ्यातील प्रमाणित शिधा मुख्यतः पिष्टमय का असतो, याचे कारण हेच.

स्टीव्हन कॅलहन या अमेरिकी नाविकाची हकीकत या सर्व साहित्यात मला अधिक उपयुक्त वाटते, कारण तो स्वतः नौकांचा अभिकल्पक होता आणि त्याने डोळसपणे नोंदी ठेवल्या. त्याची 'नेपोलियन सोलो' ही अवघी २१ फुटी नौका. १९८२ च्या फेब्रुवारीत, कॅनरी बेटे सोडून आठवडाही झाला नव्हता, तोच रात्री ती फुटली. त्याने तराफा फुगवला, पण दोरी तोडली नाही. नौकेत त्याने स्वतःच बांधलेले जलरोधक कप्पे होते, त्यांमुळे ती पाण्याने भरूनही लगेच तळाला गेली नाही. तेवढ्या अवधीत तो लाटांखाली गेलेल्या केबिनमध्ये पुनःपुन्हा उतरला आणि त्याने संकटकाळची पिशवी बाहेर काढली. तिच्यातील वस्तूंवर तो पुढे ७६ दिवस जगला. सूर्याच्या उष्णतेने खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारी उपकरणे त्याला दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाणी देत. तराफा फाटला तेव्हा तो नीट दुरुस्त होण्यास दहा दिवस लागले. ग्वाडेलूपजवळील मच्छीमारांनी त्याला एप्रिलमध्ये वाचवले तेव्हा त्याचे एक तृतीयांश वजन घटले होते. 'लाइफ ऑफ पाय' या २०१२ च्या चित्रपटासाठी तराफ्यातील जीवनाचा सल्लागार म्हणून याच कॅलहनला बोलावले होते.

येथे काळाचा फरक ध्यानात घ्यावा लागतो. कॅलहनजवळ संकटसूचक रेडिओ होता, पण भर महासागरात त्याची हाक कोणी ऐकली नाही. आता ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना संदेश देणारे यंत्र हातात मावते, पाण्यात पडताच आपोआप चालू होते आणि कोणत्या नौकेचे आहे हेही सांगते. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेस फिनलंडच्या टापिओ लेहटिनेन यांची 'अस्टेरिया' नौका मागील भागातून पाणी शिरून सुमारे पाच मिनिटांत बुडाली. ते थंडीपासून बचाव करणारा पोशाख घालून तराफ्यात उतरले. यंत्राने संदेश दिला. शर्यतीतील कर्स्टन न्यूशेफर आणि आपले अभिलाष टॉमी या दोघांनी आपापल्या नौका त्यांच्या दिशेने वळवल्या. न्यूशेफरबाई आधी पोचल्या आणि सुमारे २४ तासांनी त्यांनी लेहटिनेन यांना तराफ्यातून आपल्या नौकेवर घेतले. मग ते एका मालवाहू जहाजावर गेले. तराफा नसता तर त्या थंड पाण्यात चोवीस तास कोणीही टिकले नसते.

७६ दिवस आणि २४ तास. या दोन आकड्यांतील अंतराने तराफ्याचे कामच बदलले आहे. मासेमारीचा गळ आज कमी महत्त्वाचा, पहिले काही तास अधिक महत्त्वाचे. त्या पहिल्या तासांत माणसाला कोण मारते? थंडी आणि उलटी. थंड पाण्यात पडताच पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो. त्यानंतरच्या दहाएक मिनिटांत हातांची पकड जाते. म्हणून तराफ्यात शक्यतो कोरड्या अंगाने, पोहत नव्हे, पाय टाकून जावे. तराफ्याची जमीन दुहेरी असावी आणि तिच्यात हवा भरता यावी, अन्यथा बसल्या जागी खालचे पाणी ऊब शोषून घेते. उलटीचे तर विचारूच नये. रबराचा वास, बंद छत आणि सतत हेलकावे यांमुळे कसलेला खलाशीही ओकतो आणि पाणी, क्षार व उमेद तिन्ही गमावतो. म्हणून मोठ्या जहाजांच्या तराफ्यांत माणशी ४८ तास पुरेल इतके उलटीप्रतिबंधक औषध ठेवण्याचा दंडक आहे. शिधा माणशी १०,००० किलोज्यूल आणि पाणी दीड लिटर असते. हौशी नाविकांसाठीच्या स्वस्त तराफ्यांत यातले बरेच नसते, ते स्वतः पिशवीत भरावे लागते. औषध तराफ्यात उतरण्यापूर्वी घ्यावे. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहणार कशी, हे आपल्यापैकी कोणालाही सांगावयास नको.

सुटकेच्या क्षणीही वैद्यकाचा संबंध येतो. दीर्घकाळ थंड पाण्यात राहिलेल्या माणसाला उभे उचलले की पायांवरचा पाण्याचा दाब अकस्मात नाहीसा होतो, रक्त खाली उतरते आणि सुटका झालेला माणूस बचावकर्त्यांच्या हातातच कोसळतो. शक्य तेथे त्यास आडवे उचलावे, हा नियम त्यातून आला.

तराफा उलटण्याचा धोका मात्र आजही पूर्णपणे टळलेला नाही. डिसेंबर १९९८ मधील सिडनी-होबार्ट शर्यतीत सहा जण दगावले. त्यांपैकी तिघे 'विन्स्टन चर्चिल' या नौकेचे. नौका खरोखर बुडाली होती, तेव्हा तराफ्यात उतरणे योग्यच होते. नऊ जण दोन तराफ्यांत विभागले गेले. पाच जणांचा तराफा उलटला, आत हवा कोंडली, श्वासासाठी त्यांनी तळ कापला आणि पुढच्या मोठ्या लाटेत तिघे बाहेर फेकले गेले. चांगल्या तराफ्याच्या तळाशी पाण्याने भरणाऱ्या मोठ्या पिशव्या लोंबतात आणि मागे कापडी शंकूसारखा समुद्री नांगर ओढला जातो, ते अशा प्रसंगासाठी. नांगर तुटला की तराफा उलटण्याची शक्यता बरीच वाढते, म्हणून सुटा नांगर जवळ हवा. आकाराचाही पेच आहे. करारानुसार माणशी जागा धरतात ०.३७२ चौरस मीटर, म्हणजे चार चौरस फूट. आपल्या तपासणीच्या खोलीतील स्टुलाभोवतीची जागा याहून जास्त असेल. म्हणून सहा जणांचा तराफा दोघांनी घ्यावा असे वाटते, आणि एकट्या कॅलहनला तशाच सहा जणांच्या तराफ्याने तारले. परंतु रिकामा तराफा हलका असतो आणि वाऱ्याने चटकन उलटतो. दोघांच्या नौकेवर चार जणांचा तराफा हा मध्यममार्ग मला पटतो.

नौकेवर मुले असतील तर दोन गोष्टी आणखी. मुलाच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असते, म्हणून ते मोठ्यांपेक्षा लवकर गारठते. त्याला तराफ्याच्या मध्यभागी, दोन मोठ्यांच्या मध्ये ठेवावे. त्याचे लाइफ जॅकेट त्याच्याच मापाचे आणि दोन्ही पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचे असावे. नाहीतर जॅकेट वर तरंगते आणि मूल त्यातून खाली निसटते. पहिल्या चोवीस तासांत पाणी पिऊ नये असा प्रौढांसाठीचा जुना नियम आहे, त्याने मूत्रावाटे जाणारे पाणी वाचते. भाजलेल्या व रक्तस्राव झालेल्या माणसास तो लावू नये आणि लहान मुलांसही लावू नये, असे बालरोगतज्ज्ञ या नात्याने मी म्हणेन.

राहता राहिली निगा. तराफा शिडांच्या ढिगाखाली, तळकप्प्यात ठेवलेला असेल तर तो नसल्यात जमा. वजनाने सर्वांत अशक्त असलेल्या सहप्रवाशाला तो अंधारात, कललेल्या डेकवर हलवता आला पाहिजे. दाबाने सुटणाऱ्या यंत्रणेवर बदलण्याची तारीख कोरलेली असते, ती पाहावी. उत्पादकाने ठरवून दिलेल्या मुदतीत, बहुधा एक ते तीन वर्षांत, अधिकृत केंद्रात तराफा उघडून फुगवला जातो, शिवणी व झडपा तपासल्या जातात, औषधे व दिव्यांच्या बॅटऱ्या बदलतात. आपल्या दवाखान्यातील अॅड्रेनालीनच्या ट्रेसारखाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की ट्रे आपण उघडून पाहू शकतो आणि सीलबंद डबा पाहता येत नाही. नौकेच्या मालकाने आणि तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येकाने, केंद्राने परवानगी दिल्यास, त्या दिवशी जातीने हजर राहावे, फुगलेल्या तराफ्यात बूट काढून चढावे, छताची चेन आतून बंद करून पाहावी, सुरी व पाणी उपसण्याचे भांडे कोणत्या खिशात आहे ते हाताने चाचपावे आणि मगच डबा पुन्हा बंद होऊ द्यावा.